खलजातींची संस्कृती : व्यूहप्रधान संगणक-खेळांचा एक विचार

बुद्धिबळाच्या पटावर समोरचा राजा कोणत्या देशीचा, त्याचे प्रजाजन काय खातात आणि कोणाला भजतात, असा प्रश्न कोणी कधी विचारलेला नाही. विचारण्याचे कारणही नाही. दोन्ही सैन्ये सारखीच. हत्ती, घोडे, उंट आणि वजीर दोहोंकडे सारख्याच संख्येने उभे, सारख्याच नियमांनी चालणारे. भेद काय तो रंगाचा, आणि तोही पुढच्या डावात उलटून घेता येतो. शत्रू हे तेथे एक स्थान असते. त्याला स्वभाव नसतो. खलत्वाचा तर प्रश्नच उद्भवत नाही.

संगणकावरील ज्या खेळांना सर्वत्र 'स्ट्रॅटेजी गेम' म्हणून ओळखले जाते, त्या व्यूहप्रधान खेळांनी ही समता हेतुपुरस्सर मोडली. १९९४ सालच्या 'वॉरक्राफ्ट'मध्ये मानव आणि ऑर्क ह्यांची सैन्ये अद्याप बहुतांशी एकमेकांची प्रतिबिंबेच होती. त्याच ब्लिझर्ड संस्थेने १९९८ साली 'स्टारक्राफ्ट' प्रसिद्ध केला, तेव्हा मात्र तीन जाती तीन निराळ्या रीतींनी नांदू लागल्या. टेरन, म्हणजे मानव, आपल्या इमारती जमिनीवरून उचलून दुसरीकडे नेऊ शकतात. प्रोटॉस आपल्या वास्तू दूरच्या मायदेशाहून जणू आवाहन करून प्रकट करतात. आणि झर्ग जातीत एखाद्या कामकरी जीवाचे शरीरच इमारतीत रूपांतरित होते व तो जीव त्यात संपून जातो. शत्रू इतका वेगळा झाल्यावर तो वेगळा का, हे विचारणे ओघानेच आले. आणि त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी त्याच्या संस्कृतीकडेच वळावे लागते. दक्षिण कोरियात ज्याचे सामने वर्षानुवर्षे दूरचित्रवाणीवरून दाखविले गेले, जो जगभरच्या एका पिढीने रामायण-महाभारताइतक्या निष्ठेने पाठ केला, त्या खेळातील परकीयांचे चित्रण साहित्यविचाराच्या कक्षेबाहेरचे मानण्याचे कारण दिसत नाही.

विश्वसनीयता म्हणजे मानवसदृशता नव्हे, हे प्रथम स्पष्ट केलेले बरे. अ‍ॅरिस्टॉटलपासून चालत आलेला संभवनीयतेचा निकष येथेही पुरेसा आहे; जे अशक्य आहे तेही स्वतःच्या नियमांनी पटले म्हणजे झाले. एखादी जाती सहा पायांची असो की दगडाची असो, तिच्याविषयी काही साधे प्रश्न विचारता यावेत. युद्ध नसते त्या दिवशी ही माणसे, किंवा जी कोणी असतील ती, काय करतात? त्यांच्यात दोन मते पडतात काय? त्यांचे क्रौर्य त्यांच्याच भूतकाळातून उगवलेले आहे, की लेखकाच्या सोयीसाठी बाहेरून चिकटविलेले आहे? आणि त्या क्रौर्याची काही किंमत त्यांनाही मोजावी लागते काय? ह्या प्रश्नांना उतरणाऱ्या खलजाती व्यूहखेळांत फार थोड्या आहेत. त्या थोड्या का, हे पाहणे केवळ नावे ठेवण्यापेक्षा अधिक उपयोगाचे ठरेल.

१९९३ सालचा 'मास्टर ऑफ ओरायन' हा ह्या परंपरेतील एक मूळपुरुष. शोध, विस्तार, शोषण आणि संहार ह्या चार क्रियांवरून ह्या प्रकारच्या खेळांना 'फोर-एक्स' असे जे नाव पडले, ते ह्याच खेळाविषयी लिहिताना अ‍ॅलन एमरिच ह्यांनी योजिले. त्यातील बहुतेक जाती म्हणजे एकेक प्राणी आणि एकेक गुण. अस्वलासारखे बुलराथी भूमियुद्धात निपुण, मार्जारवंशीय म्रर्शन नेमबाजीत, सरड्यासारखे साक्रा प्रजननात, कीटकरूपी क्लॅकॉन उत्पादनात. हे पाहून भारतीय वाचकाला पंचतंत्राची आठवण झाल्यावाचून राहणार नाही, आणि ती आठवण खेळाला प्रतिकूल ठरते. पंचतंत्रातही सिंह बलवान आणि कोल्हा धूर्त; परंतु पहिल्याच तंत्रात करटक आणि दमनक असे दोन कोल्हे आहेत, आणि ते दोघे एकमेकांशी सहमत नाहीत. करटक दमनकाला पदोपदी सावध करतो, दोष देतो, आणि कथा पुढे जाते ती त्या दोघांच्या मतभेदातून. बालबोध मानल्या गेलेल्या नीतिकथेने एका जातीत दोन स्वभाव ठेवले. ओरायनच्या साऱ्या आकाशगंगेत एकाही साक्राला दुसऱ्या साक्राचे म्हणणे अमान्य असल्याचे दिसत नाही.

तथापि 'मास्टर ऑफ ओरायन'मध्ये निदान दूत येतात, तह होतात, विश्वासघातही होतो. झर्ग जातीशी बोलताच येत नाही. तिचा वंश शोधू गेल्यास तो हाइनलाइनच्या 'स्टारशिप ट्रूपर्स' ह्या १९५९ सालच्या कादंबरीतील कीटकशत्रूंपर्यंत जातो आणि त्यापलीकडे वेल्सच्या 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स'पर्यंत, म्हणजे १८९८ पर्यंत, पोचतो. परंतु वेल्सने मंगळवासीयांचे आक्रमण रंगविताना आरंभीच टास्मानियातील मूळ रहिवाशांच्या उच्छेदाची आठवण इंग्रज वाचकाला करून दिली होती. मंगळवासी हा त्याच्या हातातला आरसा होता. पुढच्या वारसांनी राक्षस घेतला आणि आरसा टाकून दिला. थवा म्हणून वागणारा, एकाच महाचित्ताच्या आज्ञेने हलणारा शत्रू नैतिकदृष्ट्या अत्यंत सोयीचा असतो. त्याच्यात कोणी निरपराध नसतो, कोणी शरण येत नाही, कोणाचे मूल मागे राहत नाही. ज्याच्या संहाराचा हिशेब ठेवावा लागत नाही असा शत्रू निर्माण करणे ही कल्पकता खरी. परंतु ती कोणत्या गरजेतून आली आहे, हे नजरेआड करता येत नाही.

येथे झर्ग जातीवर अन्याय होऊ नये म्हणून एक गोष्ट मान्य केली पाहिजे. नियमांच्या पातळीवर ती ह्या साऱ्या प्रकारातील सर्वांत सुसंगत निर्मिती आहे. तिच्या वसाहतीखालची जमीनच एका जिवंत, चिकट थराने व्यापली जाते आणि त्या थराबाहेर तिच्या बहुतेक वास्तू उभ्या राहू शकत नाहीत. तिचे शस्त्र, तिचे घर आणि तिचे अपत्य ही एकाच अळीची रूपे आहेत. खेळाडूला हे कोणी सांगत नाही. त्याला ते करून पाहावे लागते. कादंबरीकार जे वर्णनाने साधतो ते खेळ आचाराने साधतो, आणि ह्या अर्थी झर्ग जातीला आचार आहे. तिला नाही तो विचार. तिच्या कामकरी जीवाला इमारत होताना काय वाटते, हा प्रश्नच त्या विश्वात निरर्थक केलेला आहे.

प्रोटॉसांची गोष्ट वेगळी. मानवी वसाहतींच्या दृष्टीने तेही आरंभी खलच होत. झर्गांचा प्रादुर्भाव झालेला चाऊ सारा हा ग्रह त्यांनी माणसांसकट जाळून टाकला, तेथूनच पहिल्या खेळाचे कथानक सुरू होते. परंतु ह्या जातीला धर्म आहे, इतिहास आहे, आणि मुख्य म्हणजे भांडण आहे. खाला नावाच्या मानसिक ऐक्याच्या मार्गाने त्यांनी आपले जुने अंतर्गत युद्ध संपविले. ज्यांनी त्या ऐक्यात विलीन होण्याचे नाकारले त्यांना आयुर ह्या मायभूमीतून हद्दपार केले. ऐक्याची किंमत म्हणून बहिष्कार, ही कल्पना कोणाही भारतीय वाचकाला परकी वाटणार नाही. तसेच त्यांच्या समाजाचे तीन वर्णही त्याला ओळखीचे वाटतील: ज्युडिकेटर म्हणजे धर्माधिकारी व शास्ते, टेम्प्लर म्हणजे योद्धे, आणि खालाई म्हणजे कारागीर व कष्टकरी. आता रणभूमीवर पाहावे. टेम्प्लर सर्वत्र दिसतात. ज्युडिकेटर कथानकाच्या संवादांतून आज्ञा देतात. खालाई मात्र कोठेच नाहीत. खनिज वेचण्याचे काम प्रोब नावाचे यंत्र करते. समाजातील ज्या वर्गाने ही सारी नगरे बांधली असतील, त्याच्या हातचे काम यंत्राला देऊन लेखकांनी तो वर्गच पटावरून पुसला. हे बहुधा कोणी मुद्दाम केले नसावे, आणि म्हणूनच ते अधिक बोलके आहे. २०१५ साली, म्हणजे सतरा वर्षांनी, 'लेगसी ऑफ द व्हॉइड'मध्ये काराक्स नावाचा एक खालाई कारागीर प्रथमच नाव घेऊन महत्त्वाच्या भूमिकेत आला. तो येताच प्रोटॉसांच्या जुन्या वैभवाचा भाव बदलला. जे वैभव होते ते कोणाच्या श्रमावर, हे विचारता येऊ लागले.

भाषेचा एक बारकावाही प्रोटॉसांच्या बाजूने नोंदविला पाहिजे. अदून ह्या पूर्वजाच्या नावाने ते परस्परांना अभिवादन करतात. पहिल्या खेळाच्या अखेरीस टॅसाडार बलिदान करतो, आणि त्यानंतरच्या 'ब्रूड वॉर'मध्ये त्याच अभिवादनात अदूनऐवजी टॅसाडारचे नाव येऊ लागते. एवढ्याशा बदलाने जे साधले ते दहा पानांच्या वंशावळीने साधले नसते. ज्या समाजाचे नमस्कार बदलतात तो समाज काळातून जातो आहे, अशी खात्री पटते.

ऑर्कांकडे वळताना प्रथम एका शब्दाचा उल्लेख करणे क्रमप्राप्त आहे. 'वॉरक्राफ्ट'मध्ये मानवांचा मजूर 'पेझंट' म्हणजे शेतकरी आहे, आणि ऑर्कांचा मजूर 'पिऑन'. भारतातील कचेऱ्यांत हा शब्द पोर्तुगीजांच्या मार्गाने आला आणि प्यून होऊन टेबलावर चहा ठेवू लागला. बुद्धिबळातल्या प्याद्याचे इंग्रजी नावही त्याच मुळापासून निघालेले आहे. इंग्रजी खेळाडूला जो शब्द दूरचा व काहीसा हास्यकारक वाटतो, तो भारतीय खेळाडूच्या कानावर रोजच्या ओळखीचा म्हणून पडतो. ह्याच विश्वावर आधारलेल्या २००४ सालच्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये झाडाखाली झोपलेल्या ह्या पिऑनांना सोट्याने मारून उठविण्याचे एक काम नवख्या खेळाडूला दिले जाते. प्रसंग विनोदी आहे. परंतु आळशी मजूर आणि त्याच्या हिताचा सोटा हा विनोद मळ्यांच्या मालकांनी आणि वसाहतींच्या साहेबांनी शेकडो वर्षे सांगितलेला आहे, हे ज्याला ठाऊक आहे त्याला तो तितकासा नवा वाटणार नाही.

२००२ सालच्या 'वॉरक्राफ्ट ३'ने ऑर्कांचे पुनर्वसन केले, आणि तो ह्या प्रकारातील एक महत्त्वाचा टप्पा म्हणून गौरविला जातो. पहिल्या दोन खेळांतील रक्तपिपासू झुंडीला येथे पूर्वज मिळाले, निसर्गाची उपासना मिळाली, बंदिछावण्यांतील अवमानाची स्मृती मिळाली. त्यांचा नायक थ्राल हा मानवांच्या कैदेत वाढलेला. त्याच्या नावाचा अर्थच दास. हे सारे स्वागतार्ह होय. परंतु ऑर्कांनी पूर्वी जी गावे जाळली त्यांचे काय? त्याचे उत्तर असे देण्यात आले की त्यांनी राक्षसांचे रक्त प्राशन केले होते, आणि ते क्रौर्य त्या रक्ताचे होते. खलाच्या वर एक मोठा खल बसविला की धाकट्या खलाचे पाप त्याच्या खात्यावर मांडता येते. आठ वर्षांनी 'स्टारक्राफ्ट'च्या दुसऱ्या भागाने झर्गांच्या महाचित्तालाही हीच सवलत दिली. तेही कोणा वरच्या सत्तेच्या जबरीखाली होते असे निघाले. पुराणांना ही युक्ती चांगली परिचित आहे. जय आणि विजय ह्या द्वारपालांना सनकादिकांनी शाप दिला, म्हणून ते हिरण्याक्ष-हिरण्यकशिपू, रावण-कुंभकर्ण, शिशुपाल-दंतवक्त्र झाले. शापाने रावणाचे दुष्कृत्य सुसह्य होते खरे. पण त्याच्या लंकेतील बिभीषणाचे सभेतील भाषण, मंदोदरीचा विरोध, ही जी रावणकथेतील खरी संस्कृती, तिला शापाची गरज नव्हती. बिभीषणाला निवड करावी लागते, कारण रावणालाही निवड होती. रक्ताचा दोष सांगितला की निवड संपते. ऑर्कांच्या बाबतीत ह्याला एकच दमदार अपवाद आहे: थ्रालचा पिता ड्युरोटान ह्याने ते रक्त पिण्याचे नाकारले होते. ज्याअर्थी एकाने नाकारले त्याअर्थी बाकीच्यांना ते नाकारता आले असते. खेळाने स्वतःच्या सबबीला स्वतःच पाडलेले हे खिंडार त्याच्या कर्त्यांना पुरते उमगले असेल, असे मात्र वाटत नाही.

ह्याच खेळात दुसरे एक स्थळ आहे, आणि ते त्याच्या घोषित सहानुभूतीपेक्षा अधिक खोल आहे. समुद्र ओलांडून आलेले ऑर्क अ‍ॅशनव्हेलच्या अरण्यात लाकूड तोडू लागतात. व्यूहखेळात लाकूड तोडणे ही श्वासोच्छ्वासासारखी क्रिया. ती न करणारा खेळाडू हरतो. परंतु ते अरण्य निशाचर एल्फ जातीचे आहे, आणि त्या जातीचे विस्प नावाचे तेजोगोल झाडाभोवती फिरून लाकूड मिळवितात. झाड पडत नाही. संस्कृतीचा भेद येथे संवादात नाही, अर्थशास्त्रात आहे. खेळाडूने पहिल्या खेळापासून निष्पापपणे केलेली कृती एका वेगळ्या लोकसमूहाच्या दृष्टीने आक्रमण ठरते, आणि ती तशी ठरते हे त्याला नियमांच्या फरकातून कळते. इरावती कर्वे ह्यांच्या 'युगान्त' (१९६७) ह्या ग्रंथातील 'मयसभा' हा लेख ज्यांनी वाचला असेल त्यांना खांडववनाचे दहन आठवेल. नगर वसविण्याआधी भूमी मोकळी करावी लागते. त्या वनात नाग राहत होते, पक्षी होते, मय होता. वाचले ते मोजके. इरावतीबाईंनी विजेत्यांच्या महाकाव्यात विजितांची बाजू शोधली. त्यांच्यापूर्वी जोतीराव फुल्यांनी १८७३ सालच्या 'गुलामगिरी'त बळीराजाची कथा उलट बाजूने वाचली होती. व्यूहखेळांच्या समीक्षेला अशा वाचनाची सवय अजून जडलेली नाही.

परकीयांच्या तोंडी कोणती बोली घालावयाची, हा प्रश्न भाषांतरकाराच्या दृष्टीने सर्वांत अडचणीचा आहे. २००४ सालच्या 'डॉन ऑफ वॉर'मधील ऑर्क लंडनच्या कष्टकरी वस्तीतल्या इंग्रजीत बोलतात, आणि विनोद त्यातूनच उत्पन्न होतो. त्यांची संस्कृती तशी रंगतदार आहे. युद्ध हाच त्यांचा सण. परंतु हे संवाद मराठीत आणू म्हणणाऱ्याच्या पुढे पेच उभा राहतो. पुणेरी प्रमाणभाषा त्यांना द्यावी तर विनोद मरतो; मालवणी, वऱ्हाडी वा अहिराणी द्यावी तर ती बोलणारी खरी माणसे रानटी ठरतात. इंग्रजी लेखकाने हा निर्णय एकदाच, बहुधा हसत हसत, घेतला. भाषांतरकाराला तो प्रत्येक वाक्याला घ्यावा लागतो. भाषांतर करू गेल्याशिवाय मूळ निवडीत किती पूर्वग्रह मुरलेला आहे हे कळत नाही, आणि ह्या जातीची तथाकथित संस्कृती बहुतांशी त्या निवडीपलीकडे जात नाही.

आता अशा एका कृतीकडे वळावयाचे, जिने हे सारे प्रश्न पचविले आहेत. ती म्हणजे पॉल राइक आणि फ्रेड फोर्ड ह्यांचा १९९२ सालचा 'स्टार कंट्रोल २'. काटेकोर वर्गीकरणात हा व्यूहखेळ नव्हे. प्रवास, लढाई आणि संभाषण ह्यांचे ते मिश्रण आहे. १९९० सालच्या पहिल्या भागात मात्र व्यूहाचा पट होता, आणि त्या पटावर ऊर-क्वान ही केवळ शत्रूची बाजू होती. दुसऱ्या भागात पट गेला, संभाषण आले, आणि ऊर-क्वानांना एकाएकी भूतकाळ लाभला.

हे ऊर-क्वान म्हणजे सुरवंटासारख्या देहाचे प्रचंड शिकारी जीव; स्वभावतः एकलकोंडे, आपल्या हद्दीत दुसऱ्याचे अस्तित्व सहन न करणारे. अशा जीवांचा समाज बनतो कसा, हाच पहिला प्रश्न, आणि लेखकांनी तो टाळलेला नाही. टालो नावाच्या, खडकासारख्या दिसणाऱ्या एका जातीशी त्यांची गाठ पडली. खडक पाहून त्यांची शिकारी वृत्ती जागी होत नसे, म्हणून टालो त्यांचे पहिले आणि खरे मित्र झाले. पुढे द्न्यारी नावाच्या, दुसऱ्याच्या मनाचा ताबा घेणाऱ्या जातीने अनेक लोकांना हजारो वर्षे गुलाम केले. टालोंच्या मनावर त्यांची सत्ता चालत नव्हती. म्हणून त्यांनी टालोंना मारविले, आणि ते ऊर-क्वानांच्याच हातून. गुलामगिरीत ऊर-क्वानांच्या देहाचीही कामानुसार दोन वाणांत विभागणी झाली. शेवटी क्झेर-झा नावाच्या एकाला आढळले की असह्य वेदना होत असताना द्न्यारींचा ताबा सुटतो. मग ऊर-क्वानांनी स्वतःला यातना देणारी यंत्रे अंगावर बांधली आणि त्या यातनेत लढून स्वातंत्र्य मिळविले.

त्यानंतर जे घडते ते ह्या साऱ्या प्रकारात अद्वितीय आहे. पुन्हा कधीही गुलाम व्हावयाचे नाही, ह्या एका प्रतिज्ञेतून दोन सिद्धान्त निघतात. हिरव्या वाणाचे क्झेर-झा म्हणतात की इतर सर्वांना अंकित केले म्हणजे आपण सुरक्षित. काळ्या वाणाचे कोहर-आह म्हणतात की इतर सर्वांना नाहीसे केले म्हणजेच आपण सुरक्षित. ह्या मतभेदावर ते आपसांत महायुद्ध करतात. क्झेर-झा जिंकलेल्या जातींना पर्याय देतात: आमच्या सैन्यात लढा, किंवा आपल्या ग्रहावर अभेद्य कवचाखाली कायमचे कोंडून राहा. खेळ सुरू होतो तेव्हा पृथ्वी अशाच कवचाखाली आहे. आणि क्झेर-झा हलक्या जातींशी स्वतः बोलत नाहीत. त्यांच्या वतीने एक बेडकासारखा पाळीव प्राणी बोलतो. तो प्राणी म्हणजे द्न्यारींचाच बुद्धिहीन केलेला वंशज. जुना धनी नव्या धन्याचा दुभाषा झालेला आहे. भाषांतराच्या व्यवसायाविषयी इतकी भेदक कल्पना साहित्यातही क्वचित आढळेल.

ऊर-क्वान सहानुभूतीस पात्र आहेत काय? ते ठरविण्याची घाई खेळ करीत नाही. त्यांच्या पापाला वरचा खल नाही. द्न्यारींनी त्यांच्यावर अत्याचार केला हे खरे, परंतु द्न्यारींचा पाडाव झाल्यानंतर जे केले ते त्यांचे त्यांनी, विचार करून, वाद घालून केले. त्यांची भीती समजते, तर्क समजतो, आणि तरीही त्यांच्याशी लढावेच लागते. विश्वसनीय संस्कृती दिली की खलाचे खलत्व विरघळते आणि खेळात लढण्यासारखे काही उरत नाही, असा जो आक्षेप नेहमी घेतला जातो, त्याला इतके उत्तर पुरेसे आहे. उलट ऊर-क्वानांचे भय झर्गांपेक्षा अधिक आहे. कारण पीडिताने पीडक व्हावे ही घटना पृथ्वीवर कोणालाही अपरिचित नाही.

ह्या आक्षेपाची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. व्यूहखेळाला वेळच नसतो, असे म्हटले जाते. शेकडो घटक हलवावयाचे, तेथे कोणाचे भूतकाळाचे आख्यान ऐकावे? ह्यात तथ्य आहे. खेळाच्या नियमांना बांधणे आणि मोडणे ह्या दोनच क्रिया ठाऊक असल्या, तर कोणतीही जाती शेवटी छावणीच होते, मानवसुद्धा. २००७ सालच्या 'कमांड अँड कॉन्कर ३'ने निदान ह्या मर्यादेचा धूर्तपणे उपयोग केला. त्यातील स्क्रिन हे परग्रहीय आक्रमक खाणकामासाठी आलेले आहेत. त्यांच्या बाजूने खेळणाऱ्या खेळाडूला सेनापती म्हणून नव्हे, तर क्रमांक ३७१ चा मुकादम म्हणून संबोधिले जाते. टायबेरियम पिकून तयार झाले असेल आणि ग्रह ओसाड असेल अशा समजुतीने ते येतात, आणि जिवंत माणसे पाहून गोंधळतात. साऱ्या विश्वाचा संहार म्हणजे त्यांच्या दृष्टीने एक चुकलेले वेळापत्रक. चित्रण त्रोटक आहे, पण खरे आहे. ईस्ट इंडिया कंपनीची सुरुवातही वखारीच्या हिशेबवहीतूनच झाली होती.

२०१६ सालच्या 'स्टेलारिस'ने हा प्रश्न वेगळ्याच ठिकाणी नेऊन ठेवला. त्यात खलजाती आयत्या मिळत नाहीत. खेळाडू त्या स्वतः रचतो. परकीयांविषयी द्वेष की प्रेम, युद्धखोरी की शांतता, अधिकार की समता, जडवाद की अध्यात्म, अशा तक्त्यातून तत्त्वे निवडावयाची आणि त्यांच्या बेरजेला संस्कृती म्हणावयाचे. बेरीज म्हणून ती पटत नाही. द्वेष हा कोणत्याही समाजात यादीतून उचललेला नसतो, तो कोणत्या तरी दुष्काळातून, पराभवातून वा लोभातून आलेला असतो. परंतु ह्या खेळाने नकळत एक भयंकर सत्य उघडे केले आहे. जिंकलेल्या लोकांचे काय करावयाचे, ह्याचीही तेथे एक यादी आहे: हाकलून द्यावे, मरेतो राबवावे, अन्न म्हणून वापरावे, निर्वंश करावे. खेळाडू एका कळीने निवड करतो आणि पडद्यावरचा लोकसंख्येचा आकडा महिन्यागणिक खाली येतो. किंकाळी नाही, धूर नाही. येथे परका जो आहे तो खल नव्हे. खल खुर्चीत बसलेला आहे, आणि त्याच्या संस्कृतीविषयी शंका घेण्याचे कारण नाही.

'एक्सकॉम' ह्या मालिकेत परकीयांना जाणून घेण्याचा मार्ग १९९४ पासून एकच होता: शवविच्छेदन. रणांगणावरून प्रेत आणावयाचे, शास्त्रज्ञांनी ते उघडावयाचे, अहवालात स्नायू, ग्रंथी आणि मेंदू ह्यांचे वर्णन यावयाचे. जिवंत सापडलेल्याची चौकशीही व्हावयाची ती पुढच्या शस्त्रासाठी. सेक्टॉइड, म्युटॉन, व्हायपर ह्या जाती ईथिरिअल नावाच्या धन्यांच्या हाताखालच्या, त्यांनी घडविलेल्या व बिघडविलेल्या; म्हणजे त्यांनाही बोलावयास पुष्कळ काही असणार. पण प्रेताला कोणी विचारीत नाही. २०२० साली आलेला 'काइमेरा स्क्वॉड' हा ह्या मालिकेतील एक लहानसा, अनेकांनी दुय्यम ठरविलेला खेळ. युद्ध संपून पाच वर्षे झाली आहेत. धनी गेले, आणि त्यांचे सैनिक पृथ्वीवरच मागे राहिले आहेत. 'सिटी ३१' नावाच्या एका शहरात माणसे, परकीय आणि संकरित असे सगळे शेजारी म्हणून राहू पाहतात. खेळाडूच्या तुकडीत सर्पदेही व्हायपर आहे, सेक्टॉइड आहे, म्युटॉन आहे, आणि त्यांना नावे आहेत. पट आकाशगंगेएवढा होता तोवर ज्यांना घर नव्हते, त्यांना पट चार खोल्यांएवढा होताच भाडे, नोकरी आणि शेजाऱ्यांशी कुरबुर लाभली. ह्या खेळातही खल आहेतच. त्यांतील 'ग्रे फिनिक्स' नावाची टोळी जुनी यंत्रे आणि यानांचे सुटे भाग चोरीत असते. तिच्यातील परकीयांना पृथ्वी सोडून परत जावयाचे आहे. त्यांना जावयाचे आहे तो देश कोणता, तेथे मागे कोण राहिले आहे, हे विचारण्यापूर्वी खेळाडूने दार फोडून आत शिरावयाचे असते.